मी बुडालो ती नदी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको: मी नदीत पडत नाही. लोक पडतात. चांगले चांगले पडतात. एकट्याने बसायची ती चिंचोळी होडी उलटते, डोकं खाली जातं, सुलटं काही होता येत नाही, मग होडी सोडून भिजल्या कोंबडीसारखे काठाला लागतात. मी मात्र वीसेक वर्षं आल्प्सच्या नद्यांत होडी हाकतोय आणि एकदाही होडीतून सुटलेलो नाही. आमच्या मंडळीत याला फार मान आहे, कारण आमच्यात नियमच आहे: जो पाण्यात पडला, त्याने संध्याकाळी स्वतःच्याच ओल्या बुटात बिअर ओतून ती सगळ्यांसमोर एका दमात प्यायची. त्या बुटाचा वास असा, की शेजारच्या तंबूतले लोक काही मेलंय का म्हणून चौकशीला येतात. आमच्या फेर्डलने ती बिअर इतक्या वेळा प्यायली आहे, की आता त्याला ग्लासातली बेचव लागते. माझ्या बुटाला बिअर माहीत नाही!

बव्हेरियात रोझेनहाइमला माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच धंदा. त्यामुळे माणूस काय बघतो यापेक्षा काय बघायचं टाळतो, हे मला आधी कळतं. फेर्डल गाडीच्या छताकडे बघायचं टाळतो, हे मला वर्षभर दिसत होतं. पण त्याचा अर्थ लागायला मला आधी मरावं लागलं. ते पुढे येईलच.

फेर्डल म्हणजे आमचा गाडीवाला. गाडी त्याची, म्हणून गाणं त्याचं, वाट त्याची आणि छतावर होड्या पट्ट्यांनी बांधायचा मानही त्याचाच. तिसरी व्हरोनी. इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स आहे. आमच्यात सगळ्यांत चांगली होडी तीच चालवते. तिच्या तोंडून सहानुभूतीचा शब्द काढायचा तर तिलाच भूल द्यावी लागेल.

गेल्या वर्षी अशाच सहलीत आम्ही घाट ओलांडून पेट्रोल पंपावर थांबलो, तर छतावर दोनच होड्या! माझी लाल होडी, तिच्यात कोंबलेलं हेल्मेट, जाकीट आणि मांसाची जाड चकती घातलेला, अर्धा खाल्लेला लेबरकेझ-पाव, सगळं गायब. पंपावर शेजारच्या श्वाबेन मुलखातल्या काही मंडळींची गाडी उभी होती. बव्हेरियाच्या माणसाला एवढा पुरावा पुरतो. पोलिसांत जाण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. त्यापेक्षा वर्षभर मी भेटेल त्याला श्वाबेनच्या लोकांविषयी सांगत राहिलो. फेर्डल तर माझ्याहून जास्त भडकला होता. "माझे पट्टेसुद्धा नेले रे चोरांनी!"

यंदा नवी निळी होडी घेतली आणि बेत मीच आखला. शेवटची नदी ग्राउबाख. घाटाकडे जाताना पुलावरून ती खाली दिसते, अरुंद, राखाडी, झाडांच्या सावलीत लपलेली. "ही नदी माझ्यासाठीच थांबली आहे," असं मी गाडीत म्हणालो. आता आठवलं, की अंगावर काटा येतो.

लेर्खवाल्ड हे त्या खोऱ्यातलं शेवटचं गाव. दुपार कलली नाही तोच ऊन डोंगराआड गेलं आणि सगळ्या गावावर निळसर सावली पडली. गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या, पण गाई कुठेच दिसत नव्हत्या. पुलापाशी होड्या उतरवल्या. मी खाली पाण्याकडे निघालो आणि वरून फेर्डल ओरडला, "ए कोर्बिनियन! हेल्मेट राहिलं तुझं!"

दरीने माझं नाव उचललं, दोन-तीनदा उलटसुलट म्हणून पाहिलं आणि मग गिळून टाकलं. उतारावर एक बाई गवत ओढत होती. तिच्या हातातली दाताळी गळून पडली. छातीवर क्रूस काढून ती मागे न बघता घराकडे पळत सुटली!

"तुला ओळखते की काय रे?" व्हरोनी म्हणाली.

तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टर घेऊन एक म्हातारा आला. फेर्डलने पुन्हा हाक मारली, "कोर्बिनियन, झेल!" म्हाताऱ्याने ट्रॅक्टर बंद केला. डोक्यावरची टोपी काढली आणि तसाच मान खाली घालून बसला. मला वाटलं, सभ्य माणूस आहे. मीही त्याच्याकडे बघून, नुकतंच झेलून चढवलेलं हेल्मेट काढलं.

नदीत उतरलो. हिमनदीचं पाणी, भर उन्हाळ्यातही हाडं मोजून घेणारं. त्यात दगडाचं बारीक पीठ मिसळलेलं असतं आणि ते होडीच्या तळाला घासत जातं. आवाज असा, की खालून कुणीतरी सतत "श्श्श, श्श्श" करतंय. इतर नद्यांत मी तो कधी मनावर घेतला नव्हता. इथे मात्र मी वल्हं आवाज न करता मारायला लागलो. घळ जवळ आली तसे दोन्ही बाजूंचे कडे पुढे सरकले आणि आभाळाची नुसती चिंधी उरली.

घळीच्या तोंडाशी व्हरोनीने शिट्टी मारून आम्हाला काठाला घेतलं. पुढचं पाणी आधी पायी जाऊन बघायचं, ही शहाण्यांची रीत. आम्ही पाऊलवाटेने निघालो. वाट वळली तिथे एका लार्चच्या झाडावर फलक होता. आमच्याकडे डोंगरात कुणी अपघाताने मेलं, की त्या जागी असा रंगवलेला फलक लावतात: वर ढगात मरियम, खाली अपघाताचं चित्र, त्याखाली चार ओळींचं कवन. हा फलक चांगलाच नवा होता. समोर ताजी फुलं, लाल काचेतली मेणबत्ती आणि खिळ्याला टांगलेली एक केशरी दोरीची थैली. बुडणाऱ्याकडे फेकायची असते तसली.

चित्रात एक सोनेरी केसांचा, रुंद छातीचा तरुण दोन्ही हात आभाळाकडे करून लाटांत उभा होता. शेजारी उलटी लाल होडी. व्हरोनीने कवन मोठ्याने वाचलं:

"लाल होडीत बसून आला, कोर्बिनियन त्याचं नाव,
होडी एकटी परत आली, रडलं अवघं गाव.
वाटसरू, थांब क्षणभर, टाक त्याच्यावर एक फूल,
आज नेलं त्याला पाण्याने, उद्या तुझीही चाहूल."

घळीतून गार वारा आला आणि मेणबत्तीची ज्योत आडवी होऊन माझ्याकडे वळली.

"कोर्बिनियन नावाचे काय थोडे लोक आहेत?" मी म्हणालो. माझा आवाज मला शेजारून कुणी बोलल्यासारखा वाटला.

"खरंच," व्हरोनी म्हणाली. "आणि त्यांतल्या कितीजणांच्या लाल होडीच्या नाकावर पांढरं ठिगळ असतं?"

मी बघितलं. होतं. माझ्या हाताने, वाकडं लावलेलं, कोंबडीच्या आकाराचं ठिगळ! चित्रकाराने कोंबडीची चोचसुद्धा सोडली नव्हती.

स्वतः मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. मी न मरता मरियमपर्यंत पोचलो होतो. मी स्वतःला चिमटा काढला. जाड रबरी जाकिटावरून काढला, त्यामुळे काहीच कळलं नाही. तिथे माझा धीर सुटला.

"व्हरोनी, माझी नाडी बघ."

तिने मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, कपाळाला आठी घातली. "ते जाऊ दे. तू बुडालास की नाही?"

"नाही!"

"इथे लिहिलंय."

"मी नदीत पडत नाही!"

"लेखी पुरावा आहे, कोर्बी. बुडणाऱ्याला बुटातून बिअर! काढ बूट."

एरवी असल्या वेळी फेर्डल सगळ्यांत जोरात हसतो. तो हसला नाही. तो झाडाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत नव्हता. तो फार लक्ष देऊन एका मुंगीकडे बघत होता.

घळीत शिरायची हिंमत कुणालाच राहिली नव्हती. स्वतः ज्या जागी बुडालो तिथे पुन्हा कशाला जायचं? होड्या खांद्यावर घेऊन आम्ही गावातल्या खानावळीत गेलो.

खानावळीच्या कोपऱ्यात, येशूच्या क्रुसाखाली, भिंतीवर माझी होडी होती. धुऊनपुसून लख्ख केलेली. गळ्यात पानाफुलांचा हार. मी तिला इतकं स्वच्छ कधी ठेवलं नव्हतं.

मालकीणबाई सूप घेऊन आल्या. नाव नोटबुर्गा. साठीच्या, बांधेसूद. नजर अशी, की चष्मेवाल्याने तिच्यासमोर दुकान बंद करावं. "ती आमच्या कोर्बिनियनची," त्यांनी हलकेच सांगितलं. "गेल्या वर्षी नदीने नेला बिचाऱ्याला. होडी तेवढी घळीखाली सापडली. आत नाव होतं. खाली फोनचा आकडाही होता, पण पुसलेला."

होडीत बसायच्या जागेजवळ नाव आणि फोन लिहून ठेवायचा, ही आमच्यातली पद्धत, म्हणजे रिकामी होडी सापडली तर कुणाला विचारता येतं. माझा आकडा माझ्याच बुडाने घासून पुसला होता.

"आणि आत पाव होता," बाई म्हणाल्या. "अर्धा खाल्लेला. त्यावर दातांच्या खुणा. घासावरून उठवला हो पोराला!"

शेजारच्या टेबलावरच्या दोन बायकांनी डोळे टिपले. मलाही भरून आलं. फार चांगला पाव होता तो.

"कसा होता हो दिसायला?" व्हरोनीने विचारलं. ती गप्प बसेल तर शपथ.

"देखणा! सोनेरी केस. आमच्या गावातल्या गेओर्गच्या सुनेने त्याला पुलाखाली बघितला, हात हलवत होता. शांत चेहरा. जाताना म्हणे हसला."

मला टक्कल आहे. गेली दहा वर्षं आहे. हसताना मी घोड्यासारखा दिसतो, असं माझी आई म्हणायची. आणि तरी गंमत सांगू? मला त्या सोनेरी केसांच्या पोराविषयी अभिमान वाटायला लागला होता. जिवंतपणी माझ्याविषयी एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. घरीदारी जमाखर्च मांडला, तर माझी जमेची बाजू नेहमी कोरी. इथे एका होडीने आणि अर्ध्या पावाने सगळं खातं भरून टाकलं होतं!

तेवढ्यात फेर्डल सवयीने म्हणाला, "कोर्बी, मीठ दे."

सगळ्या खानावळीतले चमचे थांबले.

आणि त्याच क्षणी बाहेर, नदीच्या बाजूने, आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग वाढत गेलेला. मिटल्या ओठांनी कुणी मोठा माणूस विव्हळावा तसा. म्म्म्म्म्म... चढायचा, थरथरायचा, विरायचा, पुन्हा चढायचा. खिडकीच्या काचा बारीक वाजायला लागल्या. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. तिथे अजून थोडे आहेत.

"तोच," नोटबुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी उठून खिडकी लावली. "वारा फिरला की संध्याकाळी बोलायला लागतो. वर्ष झालं."

सगळ्यांनी क्रूस काढले. मीही काढला. स्वतःच्या पिशाच्चाचं रडणं ऐकत सूप पिणं सोपं नाही, वाचकहो. चमचा तोंडापर्यंत पोचेना. फेर्डलचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. "मी जरा मोकळ्या हवेत..." म्हणून तो उठला आणि मोकळी हवा सोडून स्वयंपाकघराकडच्या अंधाऱ्या बोळात शिरला. मी मागोमाग गेलो.

"फेर्डल! घाबरलास?"

"नाही."

"मग?"

"कोर्बी, मारणार नाहीस ना?"

"मेलेला माणूस कुणाला काय मारतो? बोल!"

"तो आवाज..." त्याने बाहेर बोट दाखवलं. "माझा पट्टा आहे तो."

होड्या बांधायचा पट्टा छतावर सपाट ताणला, तर वाऱ्यात तो थरथरून घुमायला लागतो. म्हणून बांधताना त्याला एक पीळ द्यायचा. होडीवाल्यांच्या पोरांनाही हे माहीत असतं. फेर्डल पीळ द्यायला नेहमी विसरतो आणि मग गाडीत त्या आवाजावर ताण करून गातो.

"गेल्या वर्षी इथल्या पुलावर वाऱ्याचा मोठा झोत आला ना," तो भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला, "तेव्हा काहीतरी दणकल्यासारखं वाटलं. पण मी वरच्या पट्टीत होतो. पट्टा पुलाखालच्या सळयांत अडकला असणार. मला काय माहीत रे, तू मरशील!"

म्हणजे होडी कुणी चोरली नव्हती. पुलावरून खाली पडली आणि माझ्याशिवाय नदी पार करून गेली. माझ्यापेक्षा चांगली गेली असणार. वर्षभर मी श्वाबेनला शिव्या घालत होतो आणि चोर माझ्या शेजारी बसून गात होता!

मी तडक नोटबुर्गाबाईंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. ओळखपत्रही दिलं. मला वाटलं, बाई आनंदाने किंचाळतील. गावात घंटा वाजतील. बाईंनी ओळखपत्र बघितलं, मला बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं, आणि खुर्चीत मट्‌कन बसल्या.

"तुला जिवंत राहायला कुणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझा भाऊ. व्हिन्त्सेन्स. इथल्या नदीच्या बचाव पथकाचा म्होरक्या. तुला शोधायला तोच उतरला होता. पाणी चढायला लागलं, दोरीवर गावातली पोरं होती. शेवटी त्यानेच शोध थांबवला. तेव्हापासून तो दोरीला हात लावत नाही. थैली नेऊन तिथे त्या झाडाला टांगली. रोज संध्याकाळी जाऊन बसतो, ते रडणं ऐकत. जेवत नाही नीट, झोपत नाही. उद्या तुझ्या नावाची प्रार्थना झाली, की पथक सोडतोय म्हणून सांगणार आहे. त्याच्याशिवाय या नदीचं पाणी ओळखणारं कुणी नाही रे इथे. पुढचा खरोखर बुडाला, तर त्याला कोण काढणार?"

"मग मी आत्ताच जाऊन सांगतो! सुटेल बिचारा."

"जा," त्या म्हणाल्या. "पण रडत होता तो मेलेला माणूस नव्हता, गाडीच्या छताचा पट्टा होता, हे त्याला नीट सांग. हात हलका नाही त्याचा."

ठरलं असं: मी नदीकडे जायचं, फेर्डलने पुलावर जाऊन तो पट्टा कापायचा, निदान रडं तरी थांबेल, तो कठड्याबाहेर वाकला की व्हरोनीने त्याचे पाय धरायचे. तिने धरले. एरवी सोडले असते, असं ती नंतर म्हणाली.

नदीवर धुकं उतरलं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं खाली "श्श्श" चाललं होतं आणि वरून तो लांबलचक हुंकार. आता मला माहीत होतं, की तो पट्टा आहे. तरी सांगतो, माहीत असून काही उपयोग होत नाही. कानाला कळतं, पाठीच्या कण्याला कळत नाही. झाडाखाली, मेणबत्तीच्या लाल उजेडात, एक आडदांड माणूस दगडावर बसला होता. मी पाण्याच्या बाजूने, ओल्या खडकांवरून त्याच्याकडे निघालो.

त्याने डोळे बारीक करून माझ्या दिशेने बघितलं. दूरचं दिसत नाही याला, मी धंद्याच्या सवयीने ओळखलं.

"आलास?" तो म्हणाला. अगदी शांतपणे.

मी जागच्या जागी गोठलो. "मी... मी कोर्बिनियन."

"माहीत आहे. या वेळी इथे दुसरं कोण येणार? वर्षभर वाट बघतोय तुझी."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तुझी कसली भीती? मी तुला सोडून गेलो, पोरा. हात दुखत होते, पाणी चढत होतं, मी म्हटलं, बास, परत फिरा. आणि त्या रात्री घरी जाऊन गरम सूप प्यालो. तू या पाण्यात, आणि मी सूप पितोय!" त्याचा आवाज चिरकला. "दुसऱ्यांदा मागून प्यालो."

काय सांगणार त्याला? की त्या वेळी मी घाटापलीकडे पेट्रोल पंपावर मोहरी लावून सॉसेज खात होतो? तीसुद्धा दुसऱ्यांदा मागून? खानावळीतून निघताना वाक्य तयार होतं. ते तिथेच राहिलं. मी नुसता धुक्यात उभा, पिशाच्चाने उभं राहावं तसा.

"बोल," तो म्हणाला. "काय हवं ते बोल. रागावलास का?"

"नाही! अजिबात नाही!" हे मात्र मनापासून आलं. "व्हिन्त्सेन्स, ऐका. तुमची काही चूक नाही. मी बुडालो नाही..."

आणि आवाज थांबला.

वर पुलावर फेर्डलचा चाकू चालला होता, हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. वर्षभराचा हुंकार मध्येच तुटला आणि अशी शांतता पडली, जशी कुणी खोलीतून बाहेर गेल्यावर पडते. व्हिन्त्सेन्स गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात जोडून. मी दचकून मागे वळलो. मागे काय होतं? खडक होता. ओला होता. आणि त्याच्यापुढे नव्हता.

वीसेक वर्षं मी नदीत पडलो नाही, असं मी वर म्हटलं आहे. ते वाक्य कृपा करून त्या दिवसापर्यंतचं समजावं.

पाणी अंगावर आलं नाही, अंगात आलं. खाली, वर, पुन्हा खाली. तोंडात दगडाचं पीठ. घळ मला ओढायला लागली. एका क्षणात मला तो फलक दिसला, दोन्ही हात वर केलेला तो पोरगा, आणि कळलं, की तो हात हलवून निरोप देत नव्हता! मी किंचाळलो. देखण्या माणसासारखा मुळीच नाही. डुकरासारखा.

त्या किंचाळीवर दोरी आली. धुक्यातून, नुसत्या आवाजाच्या अंदाजाने, थेट माझ्या छातीवर. मी ती धरली, दातांनीसुद्धा धरली. पलीकडून असा हिसका बसला, की खांदा आणि मी दोघे वेगवेगळे काठावर आलो.

"गाढवा!" व्हिन्त्सेन्सने माझी कॉलर धरून मला हलवलं. "गुळगुळीत तळव्याचे बूट घालून ओल्या खडकावर कोण उभं राहतं? आईबापांनी काही शिकवलं नाही? दोरी दातांनी धरतात का?"

"मी... कोर्बि..."

"गप! मेलेल्याचं नाव घेऊन थट्टा करतोस?" तो धुक्याकडे वळला आणि त्याचा आवाज खाली आला. "तो होता इथे. आत्ता. माझ्याशी बोलला. चूक नाही म्हणाला. आणि जाता जाता तुला माझ्या हातात देऊन गेला."

तोवर माझी किंचाळी ऐकून नोटबुर्गाबाई कंदील आणि घोंगडी घेऊन धावत आल्या होत्या. मी दात वाजवत म्हणालो, "मालकीणबाई! सांगा ना यांना मी कोण ते!"

व्हिन्त्सेन्सनेही विचारलं, "कोण गं हा टकल्या?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग भावाकडे. तो तोंडाने मला शिव्या देत होता आणि हातांनी ओली दोरी मूठ मूठ करून थैलीत भरत होता. पुढच्या फेकीसाठी तयार ठेवतात तशी. त्याचं स्वतःचं तिकडे लक्षही नव्हतं. बाईंचं होतं. बराच वेळ त्या त्या हातांकडे बघत राहिल्या.

"हा?" त्या म्हणाल्या. "बव्हेरियाचा पाहुणा आहे एक. अलॉइस."

मी तोंड उघडलं. बाईंनी त्यात घोंगडीचं टोक कोंबलं.

त्या रात्री व्हिन्त्सेन्सने सूप मागून प्यायलं आणि कुणाची क्षमा मागितली नाही. सकाळी चर्चमध्ये पथक सोडण्याचा विषयही निघाला नाही. उलट त्याने मला पहिल्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं आणि माझ्या हातात मेणबत्ती दिली. "लाव, अलॉइस. त्या पोराला तुझ्यासारखं नशीब मिळालं नाही."

मी गुडघे टेकले. पाद्रीबाबा बोलत होते: कोर्बिनियन नम्र होता. मित्रांसाठी जीव टाकायचा. कुणाविषयी वाईट बोलायचा नाही, परक्या मुलखातल्या माणसांविषयी तर नाहीच. मला घाम फुटला. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदके देत होतं. वळून बघतो तर फेर्डल! आणि त्याच्या शेजारी व्हरोनी. शस्त्रक्रियेच्या खोलीत जिच्या पापणीला ओल येत नाही ती व्हरोनी, रुमाल डोळ्यांना लावून मुसमुसत होती.

"अगं, तू कशाला रडतेस?" मी कुजबुजलो. "मी आहे ना इथे!"

"तेच तर," ती नाक पुसत म्हणाली. "किती चांगला होता रे तो! आणि आमच्या वाट्याला तू आलास."